सुंडलची वही

गेल्या आठवड्यात तुमच्या बाबाने फोनवर विचारले, "अम्मा, तू चौतीस वर्षं शाळेत काढलीस. धाकट्याला अभ्यासाला कसं बसवायचं, सांग ना." पोर हुशार आहे, पण पुस्तक उघडायचे म्हटले की त्याचे पोट दुखते, असे तो म्हणाला. मी म्हटले, विचार करून लिहून पाठवते. फोनवर मला सांगता आले नसते, म्हणून तुम्हा दोघांनाच लिहिते आहे. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार खात्रीने दिले होते आणि ते चुकले होते. ज्या मुलीच्या बाबतीत ते चुकले, ती तुमची आत्तेबहीण. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस." म्हणून कुणाचेच घालत नाही.

ती दहा वर्षांची असताना तुमच्या आत्याला आणि आतोबांना मस्कतला नोकरी मिळाली. तिथले घर आणि शाळा जुळेपर्यंत मुलीला इथे तंजावूरला आमच्याकडे ठेवायचे ठरले. ती पुण्यात वाढलेली होती. तिथल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर चारही वर्षे एकच शेरा होता: बुद्धी उत्तम, प्रयत्न नाहीत. जूनमध्ये तिला सोडून निघताना तुमची आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "अम्मा, वर्षभर बघ. तुझ्याकडूनही झालं नाही तर डोंगरावरच्या त्या निवासी शाळेत घालते. तिथे सरळ करतात म्हणे."

"माझ्याकडे कुणाचं झालं नाही, असं आजवर झालेलं नाही," मी म्हटले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याला तेव्हा मला सहा वर्षे झाली होती, पण ती वाक्ये अजून तोंडात तयार असत.

दुसऱ्याच दिवशी मी पट्टी घेऊन, दोन रंगांत वेळापत्रक आखले आणि फ्रिजवर लावले. सकाळी सहा ते साडेसहा पाढे, साडेसहा ते सात इंग्रजी वाचन, संध्याकाळी पाच ते साडेपाच तमिळ, असे रात्रीच्या जेवणापर्यंत. मुलीने ते वरपासून खालपर्यंत नीट वाचले.

"आजी, यात संडासला कधी जायचं?"

तुमचे आजोबा पेपरामागे हसले. मी त्यांच्याकडे पाहिले तसा पेपर वर गेला.

तिची बुद्धी शाळेने लिहिली होती त्याहून जास्त होती, हे मला लवकरच कळले. तमिळचे एक अक्षर न येणारी मुलगी फुलवालीच्या पायरीशी बसून महिन्या-दोन महिन्यांत तिच्याशी भांडण्याइतके तमिळ शिकली. ओरत्तनाडूकडची कोणती बस वळणावर थांबते आणि कोणता ड्रायव्हर हात दाखवूनही थांबत नाही, हे तिला पाठ होते. माझ्या मराठीची ती नक्कल करी. "'मज ठाऊक नाही'! आजी, असं कोण बोलतं? तू नाटकातली राणी आहेस का?" आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या तसेच बोलतात, हे तिला सांगितले, तर तिने विचारले, "मग पुण्यातल्या लोकांनी कधी सोडलं?" मला ठाऊक नव्हते.

आणि हीच मुलगी वेळापत्रकाची घंटा झाली की पाटावर दगडासारखी बसे. पुस्तक उघडे, डोळे पानावर, आणि अर्ध्या तासात एक ओळ पुढे सरकलेली नसे.

मी काय करत होते, ते आता सांगते. तिने काहीही विचारले की मी त्याचा धडा करत होते. कालव्याला पाणी आले तेव्हा ती धावत आली. "आजी, पहिल्या पाण्यात आधी काय येतं माहितीये? चपला! एकेकट्या. जोडी नाहीच."

"छान निरीक्षण," मी म्हटले. "यावर इंग्रजीत दहा ओळी लिही."

तिचा चेहरा तिथेच मिटला. "जाऊ दे," ती म्हणाली.

मुंग्यांवर दहा ओळी, बसवर दहा ओळी, फुलवालीवर दहा ओळी. हळूहळू तिने काही सांगणे बंद केले. घर शांत झाले. मी तुमच्या आत्याला कळवले की बडबड कमी झाली आहे, शिस्त लागते आहे.

मग नवरात्र आले. तुम्ही दोघांनी इथले नवरात्र पाहिलेले नाही, म्हणून सांगते. घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात, त्याला कोलू म्हणतात. नऊ संध्याकाळी बायका आणि मुली एकमेकींकडे कोलू पाहायला जातात आणि प्रत्येक घरी सुंडल मिळते, म्हणजे उकडलेले कडधान्य, वर नारळ आणि मोहरीची फोडणी. मुलगी रोज स्टीलचा डबा घेऊन निघे. राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीतली आणि पलीकडच्या रस्त्यावरची मिळून अकरा घरे तिने धरली होती. नऊ दिवस वेळापत्रक मी सैल सोडले होते. ती आनंदात दिसे, आणि मला वाटे, खाण्यासाठी.

नवमीला सरस्वतीपूजा. घरातली पुस्तके, वह्या, पेनेसुद्धा कोलूपुढे रचून त्यांवर रेशमी वस्त्र घालायचे. त्या दिवशी कुणी एक अक्षर वाचायचे नाही. तुमचे आजोबा दर वर्षी म्हणतात, पेपर पूजेत ठेवलेला नाही, म्हणून तो चालतो. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुस्तके उतरवायची आणि प्रत्येकातले थोडे थोडे वाचायचे. त्या दिवशी वाचलेले वर्षभर टिकते, असे आम्ही मानतो.

ढीग उतरवताना तळाशी एक वही सापडली. मी आणून दिलेली नव्हती, कोपऱ्यावरच्या दुकानातली होती. तिने ती गुपचूप पूजेत ठेवली होती. मी उघडली.

आत नवमीच्या आधीचे आठ दिवस आणि अकरा घरांचा तक्ता होता. कोणत्या घरी कोणत्या दिवशी कोणते सुंडल मिळाले, त्याची नोंद. तिसऱ्या दिवसापासून शेजारी आणखी एक रकाना: उद्या काय मिळेल, याचा तिचा अंदाज, आणि तो बरोबर आला की टिंब. शेवटच्या दिवसांत टिंबेच टिंबे होती. दोन घरांत वाराप्रमाणे धान्य ठरलेले असते, बुधवारी मूग आणि गुरुवारी चणे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिने ते नोंदींतून काढले होते. एका घरी आदल्या दिवशी उरलेले दुसऱ्या दिवशी मिसळून येते, हेही तिने शोधले होते. खाली तिरक्या अक्षरांत चवीचे शेरे.

मी क्षणभर थक्क झाले. क्षणभरच. मग माझा हात पूजेतून नुकत्याच उतरवलेल्या लाल पेनाकडे गेला. वही इंग्रजीत होती आणि स्पेलिंग भयंकर होते. मी एकेक शब्द दुरुस्त केला, रकान्यांच्या वाकड्या रेघा पट्टीने सरळ केल्या आणि शेवटी लिहिले: निरीक्षण उत्तम. अक्षर सुधार. दहापैकी सात.

विजयादशमीच्या दिवशी मी असे केले. त्या दिवशी मुलाच्या हाती नवे काही शिकायला द्यायचे असते.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी तीन बायका आल्या होत्या. मला नातीचे कौतुक दाखवायचे होते. मी वही आणून मोठ्याने वाचू लागले, तमिळमध्ये उलगडून सांगत. बायका हसल्या, मलाही चेव चढला. आणि वाचण्याच्या भरात मी कोपऱ्यावरच्या घरातल्या मामींची ओळही वाचून गेले. मामी समोरच बसल्या होत्या. "वाटाणे, कालचे. मीठ नाही. फोडणी जळकी. पण मामी दोन वेळा वाढतात."

मामींनी पदर सावरला. "असं होय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मीठ तुमच्या नातीला विचारून घालते."

दुसरी म्हणाली, "अय्यो, आमच्याकडचं काय लिहिलंय, तेही होऊन जाऊ दे. घरी जाऊन सुनेला ओरडायला बरं."

मी मान वर केली तेव्हा मुलगी दारात उभी होती. हातात त्यांना द्यायचे विड्याच्या पानांचे ताट. ती रडली नाही. तिने ताट खाली ठेवले आणि आत जाऊन दार लोटून घेतले.

आजोबा नंतर म्हणाले, "कशास वाचलंस ते? पोरीनं देवीपुढे ठेवलं होतं, तुझ्यापुढे नाही."

मामींचा राग चार दिवसांत गेला. मुलीचा राग दिसलाच नाही, आणि ते जास्त वाईट होते. ती कुणाच्या घरी जाईना, फुलवालीकडेही बसेना. शाळेतून आली की खिडकीत बसून एका नव्या वहीत लिहू लागली. मी एकदा मागून डोकावले. वही देवनागरीत होती.

इथे मला तुमच्यापुढे एक कबूल करायचे आहे. माझे सगळे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीत झाले. रस्त्यावर आणि बाजारात तमिळ. मराठी आमच्या घरात फक्त तोंडात होती. माझी आई आणि सासू मराठी पत्रे तमिळ अक्षरांत लिहीत. या गल्लीत मराठी बोलणारी घरे पुष्कळ, पण देवनागरी वाचणारे बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यांत मी नव्हते. साठी उलटलेली मुख्याध्यापिका आपल्या स्वतःच्या भाषेत निरक्षर होती.

"काय लिहितेस?" मी विचारले.

तिने वही झाकली नाही. मोठ्या कुतूहलाने माझ्याकडे पाहिले. "तुला हे वाचता येत नाही?"

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

डिसेंबरमध्ये सहामाहीचे पेपर आले. गणितात तिने आवडलेली सहा उदाहरणे सोडवली होती आणि बाकीच्या पानावर बैलगाडी काढली होती. तमिळचा पेपर कोरा. वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतले. मी आयुष्यभर ज्या टेबलाच्या या बाजूला बसले, त्याच्या त्या बाजूला बसून ऐकून घेतले. तुमच्या आत्याला कळवावेच लागले. ती फोनवर म्हणाली, "मी फॉर्म मागवलाय अम्मा. पोंगलनंतरच्या सोमवारी शेवटची तारीख आहे. तू पुष्कळ केलंस."

फोन स्पीकरवर होता. मुलगी जेवत होती. मी विचारले, "ऐकलंस?"

"हो."

"तुला जायचं आहे तिकडे?"

तिने भाताचा घास कालवत थोडा विचार केला. "तिथेपण वेळापत्रक असेल ना? मग इथे काय आणि तिथे काय."

आजोबांनी हात धुवायचे निमित्त करून पान सोडले. ती रागाने बोलली असती तर मी उत्तर दिले असते. तिने हिशेब करून सांगितले होते, आणि हिशेब बरोबर होता. तिला नेणे-न नेणे माझ्या हाती नव्हते. पण आमच्याकडून जाताना आपण काही सोडून जातो आहोत असे तिला वाटू नये, एवढे मी सहा महिन्यांत साधले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला नाताळची सुट्टी लागली. मी तिला म्हटले, "मला देवनागरी शिकव."

"कशाला? माझी वही वाचायला?"

खोटे बोलावेसे वाटले, पण तिच्यापुढे ते टिकले नसते. "पहिल्यांदा तेच मनात आलं होतं," मी म्हटले. "आता तेवढंच नाही. मला माझी भाषा वाचता येत नाही, याची लाज वाटते."

तिने बोटांवर मोजत अटी सांगितल्या. "माझी वही वाचायची नाही, उघडी दिसली तरी. मी चुकले तर दुरुस्त करायचं नाही. आणि कंटाळा आला की कुणीही उठायचं. विचारायचं नाही."

"आणि वेळ कोणती?"

"वेळ नाही," ती म्हणाली. "जेव्हा येईल तेव्हा."

माझ्यासाठी ही अट सर्वांत अवघड होती.

मला वाटले होते, ती अ आ इ ई ने सुरुवात करील. तिने मला आधी स्टेशनवर नेले. फलाटावरच्या मोठ्या पाटीवर गावाचे नाव तीन लिप्यांत आहे. त्यांतल्या दोन मला येत होत्या. "तुला नाव माहीत आहे," ती म्हणाली. "आता कुठलं अक्षर कुठला आवाज आहे, ते तूच शोध." मी उभी राहून पाटीकडे बघत राहिले. एक गाडी आली आणि गेली. अक्षरे सुटी झाली तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला मी वळले, तर ती चहावाल्याशी गप्पा मारत होती. तिने मुद्दाम माझ्याकडे पाहिले नव्हते.

मग नोटांवरची अक्षरे, औषधांच्या पाकिटांवरची, गॅसच्या सिलिंडरवरची. घरात एवढी देवनागरी आहे हे मला माहीत नव्हते. ती रोज नवे काही शोधून आणी. मला शिकवायचे म्हणून तिला तयारी करावी लागे, आणि ती करत असे, पाटावर न बसता, पायरीवर, झोपाळ्यावर, पोटावर पालथी पडून. एकेका तमिळ अक्षरासमोर मराठीची चार-चार अक्षरे का, हे मी विचारले आणि तिला सांगता आले नाही. तेव्हा ती स्वतःचे तमिळचे पुस्तक घेऊन बसली. जूनपासून मी तिच्या हाती ते देत होते. मी काही म्हटले नाही. फ्रिजवरचा कागद त्या सुमारास मी काढून टाकला. तिच्या लक्षात आले असावे, पण तीही काही म्हणाली नाही.

पोंगलच्या सुट्टीत तिने मला मोठ्या देवळात नेले. तिथल्या ओवरीच्या भिंतीवर मराठीतला लांबच लांब लेख कोरलेला आहे, आमच्या मराठा राजांच्या वेळचा, त्यांच्याच घराण्याचा. मी जन्मापासून त्याच्या पुढून ये-जा केली होती. लग्नात केली, मुले कडेवर घेऊन केली. त्या दिवशी पहिल्यांदा थांबले. अक्षरे जुन्या वळणाची, शब्द एकमेकांना चिकटलेले. मला तीन शब्द लागले. तिला त्याहून जास्त लागले, पण तीही अडखळत होती. "आजी, हे बघ! हे तुझ्यासारखं बोलतायत! दगडातपण तसंच!" ती ओरडली, आणि पुजाऱ्याने वळून पाहिले. ती भिंतीच्या कडेकडेने बोट फिरवत चालू लागली. हा कुणाचा मुलगा, तो कुणाचा, मध्ये कोण सुटला, असे पुटपुटत.

यावर दहा ओळी लिही. हे वाक्य माझ्या ओठांवर आले. खरेच आले. चौतीस वर्षांची सवय आहे. मी तोंड मिटून खांबाला टेकून उभी राहिले. ती दीड तास भिंत वाचत होती. ऊन सरकले, माझे गुडघे दुखू लागले. शेवटी तीच म्हणाली, "भूक लागली. उरलेलं उद्या."

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, रविवारी, तुमच्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही ओसरीवर होतो. मुलीने माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत एक गोष्ट लिहिली होती, कालव्यातल्या चपलांची, आणि मी ती वाचत होते. आजोबांनी फोन धरला आणि म्हणाले, "थांब, त्यांचं चाललंय. बघ नुसती."

मी वाचत राहिले. एका जोडाक्षरापाशी अडकले. पहिल्यांदा चुकीचे म्हटले, दुसऱ्यांदाही. मुलगी शेजारी मांडी घालून बसली होती, बोट त्या अक्षराखाली. ती काही बोलली नाही. सुस्कारा नाही, सूचक खोकणे नाही. रस्त्यावरून एक मोपेड गेली, शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ती बोट न हलवता थांबून राहिली, आणि मला ते अक्षर लागले. मग बोट पुढे सरकले. मी कोणत्याही मुलासाठी एवढी थांबले नव्हते. माझ्याकडे तास पंचेचाळीस मिनिटांचा असे आणि मुले चाळीस.

गोष्ट संपल्यावर मुलगी आईशी दोन शब्द बोलून पाणी प्यायला आत गेली. मी फोन घेतला. मी म्हटले, "हिचे मार्क वाढतील की नाही, मज ठाऊक नाही. खोटं सांगत नाही. पण ही शिकते आहे. आणि जे बिघडलं ते माझ्या हातून बिघडलं होतं."

"अम्मा," ती म्हणाली, "माझ्यासाठी तू कधी अशी थांबली होतीस का गं?"

मी आठवून पाहिले. ती शाळेत कायम पहिली येत असे. "नाही," मी म्हटले. "गरज पडली नाही."

"मी पडू दिली नाही," ती म्हणाली. "तू विचारायच्या आत उत्तर तयार ठेवायचे. झोपेतसुद्धा. दहावीनंतर मी एक पुस्तक आवडीनं वाचलेलं नाही, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हते. माझ्या हाताखालून गेलेली सर्वांत चांगली विद्यार्थिनी म्हणून मी तिचे नाव पंचवीस वर्षे लोकांना सांगत आले होते.

मग ती म्हणाली, "राहू दे तिला तिथे. मी फॉर्म भरत नाही."

मुलीला तेव्हाच सांगितले. "बरं," ती म्हणाली, आणि नेहमीपेक्षा दोन वाढण्या जास्त जेवली. वार्षिक परीक्षेत ती पास झाली, साधारण मार्कांनी. तमिळमध्ये जेमतेम. पुढच्या वर्षी ती आईबाबांकडे गेली. तिने काय काय मिळवले ते मी इथे लिहीत नाही. या गोष्टीचा पुरावा म्हणून तिचे मार्क वापरायला तिने मला परवानगी दिलेली नाही.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेचा तो सोमवार मात्र सांगते. ती शाळेतून आली, दप्तर पायरीवर टाकले आणि म्हणाली, "आजी, आज शिकवणार नाही. फुलवालीची शेळी व्यायलीये. मी बघायला चालले."

कितीतरी महिन्यांनी ती तिच्याकडे चालली होती. "जा," मी म्हटले.

दिवेलागणीला ती परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, फ्रॉकला शेणाचा वास. मी हात धुवायला पाणी दिले आणि काही विचारले नाही. तिने पाय धुतले, पुसले, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि सांगू लागली.